कोअर किती ते नंतर, आधी जोडणार कोण ते सांगा

सातारा-सांगली पट्ट्यात कुणी नवी फायबर टाकायला निघाला की मला फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अण्णा, ९६ टाकू का १४४?" मी उलटं विचारतो, जमिनीतून टाकणार का खांबावरून? वाटेत गावं किती? तुटली तर जोडायला माणूस कुठला? मग उत्तर येतं, "ते बघू वो पुढचं पुढं. रेट चांगला मिळतोय." बहुतेक चुकीच्या केबली या चांगल्या रेटापायीच जमिनीत गेल्या आहेत.

मी जॉइंटर. टेलिफोनच्या तांब्याच्या केबली जोडणाऱ्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढे फायबरवर आलो. लाइन सुरळीत चालू असते तोवर आम्हाला कुणी ओळख देत नाही, तुटली की रात्री दोनला आठवण होते. त्यामुळे केबलकडे बघायची माझी नजर विकणाऱ्याची नाही आणि विकत घेणाऱ्याचीही नाही. माझं म्हणणं एकच आहे. जादा कोअरची केबल निवडताना ती तुटेल तो दिवस डोळ्यांपुढे आणा आणि मग आकडा ठरवा.

तुटणार हे धरूनच चाला. शेंद्रे ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण, गावोगावच्या पाण्याच्या पाइपलाइनी, महावितरणचे नवे खांब, शेतकऱ्याची ठिबकच्या मेनलाइनची चर, या सगळ्यांना जेसीबी लागतो आणि जेसीबीवाल्याला खालचं दिसत नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं आणि केबलवाल्याने येऊन वाट दाखवायची, अशी त्यातली सोय आहे. चांगली आहे. पण बांधावर उभा राहून "हितनं जरा घ्या" म्हणणाऱ्याच्या फोनमध्ये ते ॲप सापडणं अवघड.

कराड-विटा बाजूचा एक प्रसंग सांगतो. माणसांची नावं घेत नाही, सगळी भली माणसं आहेत. पाच-सहा केबलवाल्यांनी मिळून एक मोठी केबल टाकायची ठरवली. एकेकट्याने २४ कोअर टाकण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं, कारण चर एकच, डक्ट एकच आणि परवानगीसाठी हेलपाटेही एकदाच. पुण्याहून एका व्यापाऱ्याने २८८ कोअरचा माल दाखवला. कुठल्या तरी मोठ्या कामातून उरलेले ड्रम होते. कोअरमागे भाव काढला तर जवळजवळ फुकट पडत होता. माल खोटा नव्हता, कंपनी नावाजलेली होती, ड्रमवर चाचणीचे कागद होते. एवढंच की ती रिबन केबल होती आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तरी त्याचा अर्थ कुणी विचारला नाही.

साध्या केबलमध्ये प्लास्टिकच्या बारीक नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत बहुधा बारा सुटे धागे, म्हणजेच कोअर. अस्तरासकट एक धागा पाव मिलिमीटर जाड भरतो. रिबन केबलमध्ये हेच बारा धागे एकमेकांना चिकटवून खाटेच्या नवारीसारखी चपटी पट्टी केलेली असते आणि अशा पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. २८८ म्हणजे २४ पट्ट्या. योग्य मशीन असेल तर एक पट्टी, म्हणजे बारा धागे, एका दमात जोडता येतात. योग्य मशीन नसेल तर काय होतं ते त्या रात्री दिसलं.

वर्षभर लाइन झकास चालली. मग गुहागर-विजापूर रस्त्याच्या कडेला, कडेगावच्या अलीकडे, जेसीबीचा दात बसला. जेसीबी केबल नुसती कापत नाही, आधी ओढतो. म्हणून तुटलेलं टोक दिसतं तिथेच इजा संपलेली नसते. दोन्ही बाजूंना काही मीटर आतपर्यंत धागे ताणलेले असतात, कधी आतल्या आत मोडलेलेही असतात. मी वरचं आवरण सोललं आणि पट्ट्या दिसल्या. माझ्याकडचं मशीन एकेक धागा जोडणारं. आसपासच्या ओळखीच्या प्रत्येकाकडे तेच. पट्टी जोडणारं मशीन पुण्यात, मोठ्या कंपन्यांची कामं करणाऱ्या ठेकेदारांकडे, आणि ते उद्या संध्याकाळच्या आत येणार नाही असं कळलं. इकडे क्रिकेटची मॅच चालू, गिऱ्हाइकांचे फोन सुरू. एका साखर कारखान्याच्या काट्याची लाइन याच केबलमधून होती आणि तिथे उसाच्या गाड्यांची रांग लागलेली.

मी म्हटलं, चालू कोअर किती आहेत ते सांगा, तेवढेच आधी जोडतो. सगळे मिळून पंधरा-सोळाच निघाले. २८८ पैकी! पण ते नऊ वेगवेगळ्या पट्ट्यांत विखुरलेले. कारण केबल टाकली तेव्हा प्रत्येक भागीदाराने आपापल्या पट्ट्या वाटून घेतल्या होत्या, शेताच्या वाटण्या घालाव्यात तशी, आणि पुढे एकेकाने त्यातून एकेक कोअर काढून नवी गिऱ्हाइकं जोडली होती. नऊ पट्ट्या हाताने फोडणं म्हणजे चिकटवलेलं अस्तर सोडवत धागे सुटे करणं. त्यात काही धागे मोडतातच. मोडला की मागे जाऊन पुन्हा सोला. बरं, कुठली पट्टी कुणाची याची वही एकाकडे आणि तो गावाला गेलेला. पहाटेपर्यंत बँका, कारखाना आणि मोठी दोन गावं चालू झाली. बाकीचं पुण्याचं मशीन आल्यावर झालं.

यावरून रिबन वाईट असा अर्थ काढू नका. हिशेब मांडून बघू. ९६ कोअरची साधी केबल तुटली आणि मध्ये नवा तुकडा घालावा लागला तर जोड दोन्ही टोकांना, म्हणजे १९२ जोड. धागा सोलणं, पुसणं, कापणं, मशीनमध्ये जोडणं, वर स्लीव्ह चढवून तापवणं आणि ट्रेमध्ये नीट वळवून ठेवणं, सगळं धरून सवयीच्या हाताला एका जोडाला चार मिनिटं लागतात. एका मशीनवर तेरा तासांच्या आसपास झाले, चहाला न उठता. तीच केबल रिबनची असती तर आठ पट्ट्या, दोन्ही टोकं मिळून सोळा जोड. एकाला दहा मिनिटं धरली तरी तीन तासांच्या आत माणूस घरी. आणि २४ कोअरची साधी केबल असती तर ४८ जोड, तीन-सव्वातीन तास. म्हणजे रिबन ९६ आणि साधी २४ दुरुस्तीला सारख्याच पडतात, पण रिबनचं मशीन हाताशी हवं. ते मशीन साध्याच्या कितीतरी पट महाग. शिवाय पट्टी सोलायचं गरम स्ट्रिपर वेगळं, धारकं वेगळी आणि हात बसलेला माणूस वेगळा. केबल मिळायला आपल्याकडे अडचण नाही. संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्र्याला स्टरलाइटचे कारखाने आहेत, फायबर आपल्याच राज्यात तयार होतं. टंचाई आहे ती रात्री अकराला मशीन घेऊन खड्ड्यात उतरणाऱ्याची.

अलीकडे गुंडाळता येणारी रिबन निघाली आहे. तिच्यात धागे सलग चिकटवलेले नसतात, थोड्या थोड्या अंतरावर ठिपक्याने जोडलेले असतात. त्यामुळे पट्टी गोल गुंडाळली जाते, जाडी कमी होते आणि गरज पडली तर धागे सुटेही लवकर होतात. मोठा आकडा घ्यायचाच असेल तर माझं मत हिच्या बाजूने आहे. मात्र तिच्यात प्रत्येक पट्टी बारीक रेघांच्या खुणांनी ओळखायची असते. त्या खुणा बॅटरीच्या उजेडात दिसतात का, हे ड्रम घेण्याआधी एक तुकडा सोलून स्वतः बघा. रंगांचंही तसंच. बारा रंगांचा क्रम साधारण ठरलेला आहे: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट आकाशी. दिवसा दुकानात सगळे छान ओळखू येतात. रात्री खड्ड्यात, हाताला चिखल लागलेला असताना, राखाडी आणि पांढरा एकमेकांचे सख्खे भाऊ होतात. स्वस्त केबलमध्ये रंग इतका फिका असतो की एकदा स्पिरिटने पुसला की निम्मा कापडावर. पुसून बघा. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्या.

आता आकडा. कोअर किती लागतात हे गावाच्या घरांवरून ठरत नाही, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा पाचशे घरांचं गाव आहे आणि सगळी यंत्रणा कराडला, तुमच्या ऑफिसात आहे. एका कोअरवर स्प्लिटर लावून ३२ घरं चालवायची ठरवली तर गावाला १६ कोअर लागतील. ६४ घरं चालवली तर ८. पण ६४ च्या स्प्लिटरमध्येच २० ते २१ डेसिबल जातात. नेहमीच्या जीपॉन (घरोघरच्या फायबर नेटच्या) ऑप्टिकला मिळून २८ डेसिबलची मुभा. प्रकाशाची उणीव १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.३५, म्हणजे वीस किलोमीटरला ७. बेरीज २८! जोडांना, कनेक्टरला आणि पुढच्या दहा वर्षांत जेसीबी जे नवे जोड घालणार त्यांना काही शिल्लक राहत नाही. लांबच्या गावाला ६४ चा मोह नको.

हीच यंत्रणा गावात बसवली, ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा ओळखीच्या घरात इन्व्हर्टर लावून, तर त्याच गावाला कराडहून एक जोडी कोअर पुरते. आणि दोन्ही दिशांना वेगळी तरंगलांबी वापरणारी ऑप्टिक लावली तर एकच कोअर. म्हणजे एकाच गावाला १६ कोअर लागतात किंवा १ कोअर, तुम्ही यंत्रणेची पेटी कुठे ठेवता त्यावर. माण-खटाव आणि जतकडे वीज जाते-येते, तिथे पेटी गावात ठेवायची तर बॅटरीचा खर्च आणि तिकडे बघणारा माणूस धरावा लागतो. तिथे मी कोअर वाढवा म्हणतो. कृष्णाकाठच्या मोठ्या गावांत पेटी गावात चालते, मात्र पुराच्या रेषेच्या वर.

आकड्याचा मोह कमी व्हावा म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. आफ्रिका खंडाला वळसा घालणाऱ्या टूआफ्रिका नावाच्या समुद्राखालच्या केबलमध्ये जास्तीत जास्त १६ जोड्या आहेत. तेवढ्यात खंडांचा धंदा चालतो, कारण एकाच धाग्यात अनेक रंगांचा प्रकाश घालून क्षमता वाढवता येते. दुसरीकडे डेटा सेंटरच्या आवारात ३४५६ आणि ६९१२ कोअरच्या केबली वापरतात. अंतर थोडं, यंत्रं हजारो, आणि प्रत्येकाला आपला धागा हवा. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं आहेत, तिथे मोठ्या आकड्याला अर्थ आहे. पलूसला नाही.

मग जादा कोअर टाकूच नयेत का? टाकावेत, पण जमिनीत. चर खोदण्याचा खर्च, परवानग्या आणि रस्ता पूर्ववत करून देण्याचे पैसे यांच्यापुढे केबलची किंमत लहान पडते. सरकारी कामात चर १.६५ मीटर खोल असते. सांगलीकडच्या काळ्या मातीत ती दिवसात होते. पाटण-जावळीच्या कातळात तेवढं खोल जाता येत नाही, तिथे कमी खोलीवर डक्ट ठेवून वर काँक्रीट घालायला लागतं आणि मीटरचा भाव कुठल्या कुठे जातो. एवढं करून आत २४ ठेवणं म्हणजे कंजुषी. तालुक्याला तालुका जोडणाऱ्या जमिनीखालच्या वाटेवर मी ४८ किंवा ९६ सांगतो, सांगली-मिरज शहरात १४४ पर्यंत. त्याहून चांगला मार्ग म्हणजे चरीत दोन डक्ट टाका आणि एक रिकामी ठेवा. केबल तुटून खराब झाली किंवा पुढे जास्त लागली तर रिकाम्या डक्टमधून हवेच्या दाबाने नवी ढकलता येते. रिकाम्या डक्टची तोंडं मात्र बंद करा. घुशी आणि चिखल दोघांनाही ती फार आवडतात.

खांबावर उलट नियम. खांबावरून २४ च्या वर जाऊ नका. कारण ऊस. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि भरलेली ट्रॉली किती उंच असते हे आपल्याकडे कुणाला सांगायची गरज नाही. जड केबल जास्त झुकते, झुकली की ट्रॉलीला अडकते आणि अडकली की एका केबलसाठी दोन-तीन खांब वाकतात. दुसरं म्हणजे पाचट. बांधाच्या कडेने केबल नेली असेल तर फडाच्या आगीत आवरण वितळून आतल्या नळ्या एकमेकांना चिकटतात. ते जोडण्यासारखं राहत नाही, सरळ शंभर-दीडशे मीटरचा तुकडा बदलायचा. महाबळेश्वर-पाचगणीला उसाच्या ऐवजी माकडं. खांबावरची केबल त्यांना झोक्याला चालते. या सगळ्या ठिकाणी केबल दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे जाणार, मग तिच्यात ९६ धागे असणं म्हणजे दर वेळी १९२ जोड. आकडा वाढला की खांबावरची मालमत्ता वाढत नाही, खांबावरचं काम वाढतं.

वाटेतल्या गावांचं बघा. मोठ्या केबलमधून मध्येच दोन कोअर काढायचे तर साध्या केबलमध्ये आवरण उघडून फक्त एक नळी कापायची, बाकी नळ्या तशाच पुढे. रिबनमध्ये एक पट्टी निवडून तिच्यातले दोन काढायचे, आणि त्या पट्टीतले उरलेले दहा त्या नादात हलतात. ज्या वाटेवर दर तीन-चार किलोमीटरला गाव उतरतं तिथे रिबन टाकू नका, मशीन असलं तरी. ज्या वाटेवर एका गावाहून दुसऱ्या शहरापर्यंत मध्ये कुणी उतरत नाही तिथे ती सोयीची. आणि वाटणी करायची तर एका नळीत एका गावाचे कोअर अशी करा, भागीदाराच्या नावाने नको. भागीदार बदलतात, गाव जागेवर राहतं.

२०११ साली मंजूर झालेल्या नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्कचा, म्हणजे ज्याला पुढे भारतनेट म्हणू लागलो त्याचा, आराखडा पाहण्यासारखा आहे. तालुक्याकडून जवळपास आलेली जुनी सरकारी फायबर धरायची आणि त्या बिंदूपासून ग्रामपंचायतीपर्यंत २४ कोअरची नवी केबल टाकायची. ग्रामपंचायतीपुरता २४ हा आकडा कमी नव्हता. दुखणं सरळ रेषेच्या रचनेत होतं, मध्ये कुठे तुटलं की पुढची सगळी गावं अंधारात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच रिंगवर, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने चालणाऱ्या रचनेवर, भर आहे. सरकारला एवढ्या वर्षांनी जे मान्य झालं ते आपण पहिल्या ड्रमपासूनच धरावं.

सांगलीकरांनी तर नक्कीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेने शहराला वेढलं. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी आहे, दोन्ही वर्षी पाणी त्याच्या पुष्कळ वर गेलं. काचेच्या धाग्याला पाण्याने लगेच काही होत नाही. त्रास होतो जोडाच्या पेटीत पाणी शिरल्याने, तिथली वळणं चिखलाने दाबल्याने आणि पेटीपर्यंत चार-पाच दिवस कुणाला पोचता न आल्याने. त्याच २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. तिथे केबलचं दुःख सांगायला जीभ वळत नाही, पण रस्त्यासकट गेलेली वाट महिनोन्महिने परत मिळत नाही हे खरं.

म्हणून माझा आग्रह असा की ९६ कोअर एका पुलावरून नेण्यापेक्षा ४८-४८ दोन पुलांवरून न्या. सांगलीत एक आयर्विनवरून किंवा बायपासच्या पुलावरून आणि दुसरी अंकलीच्या बाजूने फिरवून. खर्च जास्त होतो, मान्य. पण दोन्ही ४८ एकाच पुलाच्या डाव्या आणि उजव्या कठड्याला बांधून "आमची रिंग आहे" म्हणणारे मी पाहिलेत. त्याला रिंग म्हणत नाहीत.

जादा कोअर भाड्याने देऊन पैसे सुटतील, मोबाइल टॉवरवाले घेतील, या आशेवरही बरेच जण मोठा आकडा टाकतात. टॉवरला सहसा एक जोडी लागते, मार्गावर किती टॉवर आहेत ते मोजा आणि त्याच्या दुपटीवर जाऊ नका. शिवाय कोरी फायबर भाड्याने द्यायला दूरसंचार विभागाकडे नोंदणी लागते, धंद्यात तिला आयपी-वन म्हणतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर या परवानग्यांची रचना बदलते आहे. जाणत्याला विचारल्याशिवाय भाड्याचं उत्पन्न कर्जाच्या कागदात धरू नका.

ड्रम दारात आला की काय करायचं ते थोडक्यात. प्रत्येक कोअर ओटीडीआरवर (धाग्यात प्रकाश सोडून उणीव आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा, ड्रम गाडीवर असतानाच, आणि १३१० व १५५० दोन्हीवर. दोन्हीवर उणीव सारखी दिसली तर जोड किंवा टोकाची घाण, १५५० वर जास्त आणि १३१० वर कमी दिसली तर केबल कुठे तरी दबली किंवा वळली आहे. ज्यांच्या लाइनवर टीव्हीचा सिग्नल १५५० वर जातो त्यांना हे आधी भोगावं लागतं. नेट चालतं आणि टीव्हीला मुंग्या येतात, तेव्हा सेट-टॉप बॉक्स बदलत बसू नका. केबलच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात. डक्टमध्ये जाताना आणि बाहेर येताना, प्रत्येक चेंबरला, हे आकडे वहीत लिहा. नळ्या आत पिळून घातलेल्या असल्याने धाग्याची लांबी आवरणापेक्षा थोडी जास्त भरते. ओटीडीआर ३२०० मीटर दाखवतो म्हणून आवरणावरच्या ३२०० ला खोदलं तर बिघाड मागेच राहतो. उभ्या उसात तीस-चाळीस मीटर चुकीचं खोदल्यावर शेतकरी काय बोलतो ते इथे लिहिता येत नाही.

प्रत्येक चेंबरला पंधरा-वीस मीटरचा लूप ठेवा. विकणारा आणि मजूर दोघंही तो वाचवायला बघतात, देऊ नका. जवळच तुटली तर लूप ओढून दोन टोकं थेट भिडवता येतात, मधला तुकडा लागत नाही आणि जोड निम्मे होतात. ९६ ला १९२ च्या जागी ९६, म्हणजे सहा-साडेसहा तास वाचले. मोठ्या आकड्याच्या केबलला लूप हाच खरा विमा आहे. केबलला तिच्या जाडीच्या वीसपटीहून घट्ट वळण ओढताना देऊ नका, बसवून झाल्यावर दहापटीहून कमी नको. मोठी केबल जाड, म्हणून तिला चेंबरही मोठा लागतो. जुन्या २४ च्या चेंबरमध्ये १४४ चा लूप कोंबला की सहा महिन्यांत १५५० वर ओरड सुरू.

आणि काम संपल्यावर ड्रमला उरलेला तुकडा भंगारात किंवा दुसऱ्याला विकू नका. दीड-दोनशे मीटर तरी त्याच केबलची, त्याच रंगक्रमाची, छपराखाली ठेवा. दोन्ही टोकांना टोप्या लावा, नाहीतर आत पाणी चढतं. ड्रमवर रंगाने कंपनी, वर्ष, कोअर आणि साधी का रिबन ते लिहा, शेजारी त्याच मापाची एक जोडाची पेटी ठेवा, आणि खोलीची किल्ली अशा माणसाकडे द्या जो लग्नसराईत गावाला जात नाही.